उनोकाचे वारसदार

बाप-लेकांच्या साहित्याचा आढावा म्हटलं की यादी ठरलेली असते. रुस्तुम-सोहराब, तुर्गेनेव्हची १८६२ची कादंबरी, काफ्काने १९१९ साली वडिलांना लिहिलेलं आणि त्यांच्या हाती कधीच न पडलेलं पत्र, आर्थर मिलरचा विली लोमन. या सगळ्यांवर भरपूर लिहून झालं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते चिनुआ अचेबेंच्या ओकोन्क्वोबद्दल. हा माझा जुना हट्ट आहे. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला, ते अजूनही आपल्या जागेवरून हललेले नाहीत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही गोऱ्यांनी मोडलेल्या इग्बो समाजाची गोष्ट आणि ओकोन्क्वो हा त्या समाजाचा शेवटचा ताठ माणूस. यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. साम्राज्याने केलेली मोडतोड पुस्तकात स्वच्छ दिसते आणि शेवटच्या पानावरचा तो जिल्हा कमिशनर कोणीही विसरू शकत नाही. पण कादंबरीची प्रकरणं पंचवीस आहेत. ओकोन्क्वोच्या घरी राहणारा पोरगा इकेमेफुना सातव्या प्रकरणात मारला जातो आणि तेव्हा उमुओफियात, ओकोन्क्वोच्या गावात, एकही पाद्री आलेला नसतो. घर आधीच फुटलेलं होतं, आणि ते फोडलं होतं बापाच्या भीतीने.

ही भीती सुरू होते ओकोन्क्वोच्या बापापासून, उनोकापासून. समीक्षकांनी उनोकाला एका वाक्यात निकालात काढलं आहे: आळशी, कर्जबाजारी, ताडीचा शौकीन. तो तसा होताच. घेणेकरी ओकोये दोनशे कवड्या मागायला येतो, तेव्हा उनोका भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवून हसतो. एकेक रेघ शंभर कवड्यांची. आधी मोठी देणी फेडीन, मग तुझं, असं तो वर सांगतो. पण हाच माणूस बासरी वाजवायचा आणि पावसाळा सरल्यावर परतणाऱ्या घारींची वाट पाहायचा. रक्त पाहिलं की त्याला कसंसंच होई. मला तो दुबळा वाटत नाही. ज्या गावात माणसाची किंमत यामच्या कोठारावर ठरते, त्या गावात चुकून जन्मलेला तो कलावंत होता.

मुलाला मात्र एवढंच ऐकू आलं की सवंगडी त्याच्या बापाला बाई म्हणतात. तिथून पुढे बापाला जे जे आवडायचं, त्या सगळ्याचा ओकोन्क्वोने द्वेष केला. आळसाचा केला तसाच हळुवारपणाचाही. अठराव्या वर्षी त्याने अमालिंझेला कुस्तीत चीत केलं. न्वाकिबीकडून वाट्याने लावायला आठशे यामांचं बेणं मिळवलं. याम हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, तिथल्या पुरुषाचं पीक. नेमकं ते वर्ष अवर्षणाचं निघालं. ओकोन्क्वो त्यातूनही तगून निघाला. हा सगळा भाग थोरच आहे, पण शाळा-कॉलेजांत तेवढाच शिकवतात म्हणून मी तो इथेच सोडतो.

माझा जीव अडकतो तो टोळधाडीच्या प्रसंगात. म्बाइनोहून आणलेला इकेमेफुना तीन वर्षं ओकोन्क्वोच्या घरी राहिला आहे. ओकोन्क्वोच्या मुलाला, न्वोयेला, तो थोरल्या भावासारखा आहे आणि ओकोन्क्वोला तो बाबा म्हणतो. टोळ उतरतात. गाव आनंदाने ते गोळा करतं, भाजतं, वाळवतं. ओकोन्क्वो दोन्ही पोरांबरोबर बसून मजेत टोळ खातो आहे, सोबत ताडी आहे. अख्ख्या पुस्तकात हा माणूस इतका निवांत क्वचितच दिसतो. तेवढ्यात म्हातारा एझेउदू येतो, त्याला बाहेर बोलावतो आणि सांगतो: दैवताने पोराचा बळी मागितला आहे, पण तो तुला बाप म्हणतो, तू त्यात हात घालू नकोस.

दुसऱ्या दिवशी मुलाला घरी पोचवतो म्हणून सांगितलं जातं. न्वोये रडतो, तर त्याला मार बसतो. रानातल्या वाटेवर इकेमेफुना डोक्यावर ताडीचं मडकं घेऊन चालतो आहे. पहिला वार होतो, मडकं फुटतं, तो ओकोन्क्वोकडे धाव घेतो. आणि ओकोन्क्वो कोयता उगारतो. देवाची आज्ञा पाळण्यासाठी तो वार गरजेचा नव्हता. मागे राहिलो तर माणसं दुबळा म्हणतील, एवढंच एक कारण. ओबिएरिका त्या वाटेवर गेलाच नव्हता आणि त्याला कोणी भेकड म्हटलं नाही. अचेबेंनी हा मित्र ओकोन्क्वोशेजारी मुद्दाम उभा केला आहे. ‘त्या समाजात दुसरा मार्गच नव्हता’ असं म्हणणाऱ्यांना ओबिएरिका हे उत्तर आहे.

त्या रात्री बाप घरात शिरताच न्वोयेला सगळं कळतं. पुढे पाद्री येतात तेव्हा त्याला त्यांचं तत्त्वज्ञान पटलेलं नसतं. तो ओढला जातो गाण्याने. बासरीवाल्या आजोबांचा नातू भजनाच्या सुरांवर घर सोडतो. ओकोन्क्वोलाही हे दिसतं. शेकोटीपाशी बसून तो स्वतःशी म्हणतो की पोरगा थेट उनोकावर गेला आहे. ज्या मुलीत त्याला आपलं तेज दिसतं, ती एझिन्मा मुलगा नाही, ही त्याची खंत. जवळ असलेलं धन त्याला मोजताच आलं नाही.

वनवासाची सात वर्षं, देऊळजाळणी, कोर्टाचा शिपाई, हे सर्वांना माहीत आहे. शेवट मात्र नीट पाहावा. उनोकाला अंगाला सूज येणारा रोग झाला. तो भूमीला विटाळ, म्हणून त्याला अपवित्र रानात नेऊन टाकलं, त्याला माती मिळाली नाही. ओकोन्क्वोने गळफास घेतला. तोही भूमीचा अपराध, म्हणून परक्यांच्या हातून पुरला गेला. बापासारखं व्हायचं नाही म्हणून आयुष्यभर झगडलेला मुलगा शेवटी बापाच्याच रांगेत जाऊन बसला.

आणि इथे थांबायचं नसतं. ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ (१९६०) हे याच घराण्याचं पुढचं पुस्तक. न्वोये आता निवृत्त धर्मशिक्षक आयझॅक आहे. अचेबेंचे वडील चर्चचे धर्मशिक्षक होते, त्यामुळे हा म्हातारा त्यांनी फार जवळून पाहिल्यासारखा उतरला आहे. बाप मेल्याचं कळल्यावर आयझॅक गेला नव्हता. आता त्याचा मुलगा ओबी, गावकऱ्यांच्या संघटनेकडून आठशे पौंड घेऊन विलायतेत शिकलेला, कविता करणारा, क्लारा या ओसू मुलीशी लग्न करू पाहतो. गावाने पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकलेल्या वर्गातली ती. आयझॅक नकार देतो आणि मग इकेमेफुनाची हकीकत सांगतो. मी आगीतून चालत गेलो, हे त्याचं सांगणं खरं आहे. पण त्या आगीने त्याला मऊ केलं नाही. आजोबांनी आठशे यामांवर संसार उभा केला, नातू आठशे पौंडांच्या कर्जात बुडून लाच घेताना सापडला. भिंतीवरच्या खडूच्या रेघा पुन्हा उमटल्या, आणि स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलाही तो गेला नाही. ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ (१९६४) मध्ये एझेउलु हा पुजारी आपल्या मुलाला, ओडुचेला, गोऱ्यांवर नजर ठेवायला चर्चमध्ये पाठवतो, तोही याच रोगाचा एक प्रकार. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

वाईट याचं वाटतं की आता ही पुस्तकं एकमेकांना लावून कोणी वाचत नाही. पहिलं पुस्तक अभ्यासक्रमात आहे, पण तेही गाइडच्या चार मुद्द्यांपुरतं. दुसऱ्याचं नावही पदव्युत्तर वर्गाला ठाऊक नसतं. शिकवत होतो तेव्हा मुलं वर्ग सुटल्यावर थांबून न्वोयेबद्दल भांडायची. काहींना तो पळपुटा वाटायचा, काहींना बापाच्या मारातून सुटलेला. त्या भांडणात कादंबरी जिवंत होती. हल्लीच्या शोधनिबंधांत सिद्धांतांची नावं ओळीने असतात आणि न्वोयेच्या रडण्याला जागा नसते. परिभाषा पाठ झाली आणि माणूस हातातून सुटला.

मला हे सांगायचं आहे: ओकोन्क्वो बळ कमी पडल्यामुळे हरला नाही. दुबळेपणाची भीती हाच त्याचा दुबळेपणा होता आणि ती त्याने मुलाला वारसाहक्काने दिली. दुष्काळाच्या त्या वर्षी, मरणाच्या वाटेवर असलेल्या उनोकानेच त्याला समजावलं होतं की सगळ्यांबरोबरचं अपयश मानी माणूस पचवतो, खरं जड जातं ते एकट्याचं अपयश. ओकोन्क्वोला बापाची ती बडबड कंटाळवाणी वाटली. कोर्टाच्या शिपायाला मारून तो मागे वळला, तेव्हा गाव त्याच्या पाठीशी नव्हतं. ज्याला त्याने आयुष्यभर तुच्छ मानलं, त्या बापाला हे आधीच कळलेलं होतं. म्हणून ही कादंबरी पुन्हा हाती घेणाऱ्यांनी पहिल्या पानावरच्या कुस्तीने दिपून न जाता उनोकापासून वाचायला सुरुवात करावी, आणि ओबीच्या खटल्यापर्यंत जाऊनच थांबावं.