छोट्या तुकड्याची लांब चौकट

वाहक चौकट म्हणजे कोरायच्या लाकडी तुकड्याभोवती बांधलेली दुसऱ्या लाकडाची किंवा एमडीएफची चौकट. शाळेतल्या दगडी पाटीला असायची, साधारण तशीच. फरक एवढाच, की दोन टोकांना ती बरीच लांब असते. घरगुती कोरीवकाम यंत्रात लहान तुकडा थेट घातला तर यंत्राला तो शेवटपर्यंत धरता येत नाही. म्हणून तुकडा चौकटीत बसवतात आणि चौकटीसकट यंत्रात सोडतात. यंत्राच्या लेखी ती सगळी मिळून एकच फळी असते.

ही गरज यंत्राच्या घडणीतून आली आहे. कारखान्यातल्या सीएनसी राउटरमध्ये लाकूड टेबलावर शिकंज्यांनी घट्ट आवळलेले असते आणि कापणारे डोके त्याच्यावरून तिन्ही दिशांना फिरते. त्याला टेबलाएवढी जागा लागते. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एलएचआर टेक्नॉलॉजीज या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘कार्व्हराइट’ हे यंत्र आणले, तेव्हा हा मांडणीचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. कंपनीचे संस्थापक क्रिस लोवचिक यांनी त्याआधी नासाच्या ‘रोबोनॉट’ या यंत्रमानवाच्या हातावर काम केले होते. सीअर्सच्या दुकानांतून हेच यंत्र ‘क्राफ्ट्समन कॉम्प्युकार्व्ह’ या नावाने विकले गेले. त्यात डोके फक्त आडवे आणि वर-खाली हलते. लांबीच्या दिशेने खुद्द फळी पुढे-मागे सरकते. घरचा प्रिंटर कागद ओढतो आणि शाईची डबी आडवी धावते, त्याच धर्तीवर. त्यामुळे सुताराच्या रंधा मशीनएवढ्या पेटीत १४.५ इंच रुंद आणि तब्बल १२ फूट लांब फळी कोरता येते.

फळी सरकवण्याचे काम खालचे पट्टे करतात. वरून डोक्याला जोडलेले रबरी रोलर तिच्यावर दाब देतात. कापणारे बिट या रोलरांच्या मधोमध असते. पुढच्या रोलरपासून साडेतीन इंच आणि मागच्यापासूनही तेवढेच. रसवंतीच्या चरकात ऊस जातो तेव्हा शेवटचे टिपरू रोलरमधून सुटताना थरथरते आणि कलते. इथेही फळीचे टोक एका रोलरखालून सुटले, की धरायला एकच बाजू उरते. मोकळे टोक किंचित उचलले जाते, बिट तिथे नको तेवढे खोल जाते आणि आडवा चर पडतो. रंधा मशीनवर काम करणाऱ्याला हा चर ओळखीचा असतो.

हे टाळायचे तर कोरकाम चालू असताना फळी दोन्ही रोलरांखाली राहिली पाहिजे. म्हणजे प्रत्येक टोकाचे साडेतीन इंच, एकूण सात इंच, कोरकामाला मिळत नाहीत. दहा इंचांच्या फळीवर तीनच इंच कोरता येतील आणि आठ इंचांच्या फळीवर जेमतेम एक. सागाच्या भावाने ही उधळपट्टी कोणाला परवडणारी नाही. ते सात इंच स्वस्त लाकडात घालवायचे, हा चौकटीचा पहिला हिशेब.

दुसरा हिशेब मापाचा आहे, आणि चौकट बांधणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते. फळी किती सरकली हे यंत्र पट्ट्यांच्या फिरण्यावरून मोजत नाही, कारण पट्टा घसरू शकतो. त्यासाठी फळीच्या पोटाला टेकून फिरणारा एक छोटा पितळी रोलर असतो. फळी जेवढी पुढे जाईल तेवढा तो फिरतो आणि त्याच्या फेऱ्यांवरून यंत्राला लांबी कळते. चौकट लावली की हा रोलर कोरायच्या तुकड्यावरून नव्हे, चौकटीच्या बाजूच्या पट्टीवरून फिरतो. म्हणजे ती पट्टी आता नुसती धरणारी राहिली नाही, ती मोजपट्टी झाली. तिच्या खालच्या अंगाला गाठ, फुगलेला पोपडा किंवा वाळलेल्या फेव्हिकॉलचा थेंब असेल, तर रोलर तिथे उडी मारतो किंवा घसरतो. असा अर्धा मिलिमीटर हुकला तरी कोरताना कळत नाही. कोरायचे बिट काढून कडा कापायचे बिट लावले आणि फळी पुन्हा सुरुवातीला आली, की गणपतीच्या मूर्तीभोवतीची कापरेषा एका बाजूला मूर्तीच्या कानाला चाटून गेलेली दिसते. रोलर जिथून फिरतो त्या रेषेवर मास्किंग टेपची सरळ पट्टी चिकटवण्याची पद्धत यासाठीच पडली. टेपवर पितळेची पकड एकसारखी राहते.

आता बांधणी. उदाहरणाला आठ इंच लांब, आठ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड सागाचा तुकडा घेऊ. त्याच्या दोन बाजूंना अडीच-अडीच इंच रुंद पट्ट्या लावल्या की एकूण रुंदी तेरा इंच होते, साडेचौदाच्या मर्यादेत. टोकांना साडेतीन इंचांचे ठोकळे पुरतील असे वाटते, पण तुकड्याच्या अगदी कडेपर्यंत कोरताना बिट थोडे बाहेर जाते, म्हणून चार इंच धरावेत. चार, आठ आणि चार मिळून पट्ट्यांची लांबी सोळा इंच. टोकाचे ठोकळे पट्ट्यांच्या मध्ये बसतात, त्यामुळे त्यांची रुंदी तुकड्याइतकीच, आठ इंच.

जाडी हा खरा नाजूक भाग. डोके पट्ट्यांवर टेकून असते. तुकडा पट्ट्यांपेक्षा वर आला तर रोलर त्याच्यावर चढताना अडखळतो. तो खाली राहिला तर रोलरची पकड तेवढ्यापुरती सुटते आणि कोरकामाची खोलीही चुकण्याची शक्यता असते. अमेरिकी मापाची पाऊण इंच फळी म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि आपल्याकडे दुकानात मिळणारे एमडीएफ १८ मिलिमीटरचे. ‘पाऊण इंचीच आहे’ म्हणून दोन्ही जोडले की एक मिलिमीटरची पायरी तयार! सगळ्यात बिनधोक उपाय जुन्या सुतारांचा आहे: पट्ट्या, ठोकळे आणि कोरायचा तुकडा एकाच लांब फळीतून काढायचे. फळी आधी रंधून एकसारखी करायची आणि मग कापायची. आठ इंचांचा सुटा तुकडा रंधा मशीनमध्ये घालणे धोक्याचेही असते. साग चौकटीत घालवायचा नसेल तर सागाची लांब फळीच आधी रंधून १८ मिलिमीटरवर आणावी आणि चौकट एमडीएफची करावी.

एमडीएफ निवडण्याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात दार चौकटीला घासू लागते, कारण लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. रेषांच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. लाकडी पट्टीची रुंदी त्यामुळे जूनमध्ये एक आणि मार्चमध्ये दुसरी असू शकते. एमडीएफ लाकडाच्या तंतूंचे असल्याने त्याला रेषा नसतात आणि रुंदीत ते कमी हलते. पाणी लागले तर मात्र कडा फुगून कायमची वाया जाते. त्याची भुकटी फार बारीक आणि रेझिनमिश्रित असते, ती कापताना मास्क लावणे आवश्यक.

पट्ट्यांच्या बाहेरच्या कडा एकमेकींना समांतर हव्यात. यंत्रात एका बाजूला पक्की कड असते आणि दुसऱ्या बाजूची सरकती पट्टी फळीला टेकवायची असते. चौकट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असली तर ती जाताना वळते. दोन फूट लांब चौकटीत एक सूत फरक असेल, तर फूटभर कोरकामात अर्धा सूत तिरकेपणा येतो. बारा इंची नावाच्या पाटीवर तो डोळ्यांना सहज दिसतो. गुण्या लावून कोपरे तपासावेत, पण भरवसा कर्णांवर ठेवावा. सोळा बाय तेरा इंचांच्या चौकटीचा कर्ण सुमारे २० इंच ५ सूत भरतो. नेमका आकडा किती यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे आहेत का, हे महत्त्वाचे.

जोडणीसाठी पट्ट्यांमधून ठोकळ्यांत बाहेरून स्क्रू मारतात. एमडीएफच्या कडेत स्क्रू सरळ मारला तर ती फाटते, म्हणून आधी बारीक छिद्र पाडून घ्यावे. स्क्रू टोकांकडेच असावेत, कोरायच्या भागाजवळ नकोत. कोरायच्या बिटाचे टोक १/१६ इंचाचे असते आणि मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते. लोखंडाला लागले की ते तुटलेच. तुकडा मध्ये धरायला हॉट ग्लूचे चार-सहा ठिपके बहुधा पुरतात. साग तेलकट लाकूड असल्याने त्याच्यावर ग्लू नीट धरत नाही. कडा आधी थिनरने पुसून कोरडी केली तर पकड सुधारते. वारंवार तेच काम करायचे असेल तर एक ठोकळा सुटा ठेवून मागे पाचर ठोकण्याची सोय करावी. पाचर काढली की तुकडा मोकळा होतो आणि पुढचा बसतो.

तुकडा फांदीच्या चकतीसारखा गोल, वेडावाकडा किंवा फार पातळ असेल तर मोकळी चौकट उपयोगी पडत नाही. खाली सहा मिलिमीटर प्लायवुडचा तळ द्यावा लागतो. मग पट्ट्या तळावर बसतात, तुकडा दुहेरी टेपने तळाला चिकटतो आणि पितळी रोलर तळाखालून फिरतो. चकतीची तळबाजू मात्र सपाटच हवी, नाहीतर रोलरच्या दाबाने ती डुलते.

चौकट तयार झाली तरी यंत्राला ती फळी वाटली पाहिजे. डोक्यावरचा प्रकाश-संवेदक लाकडावरून परतणाऱ्या प्रकाशावरून फळीची कड ओळखतो. तुकडा आणि पट्टी यांच्यातली फट त्याला फळीचा शेवट वाटू शकते. शिसवीसारख्या काळ्या लाकडावरही तो फसतो. फटींवर आणि काळ्या भागावर फिक्या रंगाचा मास्किंग टेप लावला की काम भागते. बिट तो टेप सहज कापून जाते. सॉफ्टवेअरमध्ये फळीचे माप म्हणून चौकटीचे पूर्ण माप द्यायचे, इथे सोळा बाय तेरा, आणि नक्षी त्यात तुकड्याच्या जागी ठेवायची. आठ बाय आठ माप देऊन सोळा इंची चौकट आत सोडणाऱ्यांना यंत्र आधी माप जुळत नसल्याचे सांगते. तो इशारा डावलला तर नक्षी पट्टीवर उमटू शकते.

पहिली खेप टाकाऊ लाकडावर काढावी. मध्ये एक उथळ फुली कोरायची आणि तिच्याभोवती दुसऱ्या बिटाने चौकोन कापायचा. फुलीची चारही टोके चौकोनापासून सारख्या अंतरावर आली आणि चौकोन तिरपा नसला तर लांबीचे माप आणि चौकटीचा सरळपणा दोन्ही ठीक आहेत. अंतर फक्त लांबीच्या दिशेने कमी-जास्त असेल तर दोष पितळी रोलरच्या वाटेत शोधावा. फुली आणि चौकोन दोन्ही सारखेच तिरपे असतील तर चौकट पुन्हा गुण्याला लावावी.

एक चौकट बरीच कामे करते. दरवेळी आधीच्या कामाचा ग्लू पटाशीने खरवडून ठोकळ्यांच्या कडा स्वच्छ कराव्यात. ज्वारीच्या दाण्याएवढा ग्लू राहिला तरी पुढचा तुकडा तिरका बसतो. चौकटीच्या पट्ट्यांच्या खालच्या बाजूला यंत्रातल्या पट्ट्याच्या घर्षणाने खाचा दिसू लागल्या, की त्या पट्ट्या बदलाव्यात. ठोकळे तेच चालतात.