कुत्र्याच्या तोंडाला वास येतो? आधी दात पाहा

सकाळी वाशीच्या मिनी सी-शोअरवर किंवा नेरूळच्या 'ज्वेल'भोवती एक फेरी मारली, तर पॉमेरेनियन, शित्झू, पग, डॅशहुंड, ल्हासा अप्सो अशी सगळी मंडळी भेटतात. नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये लहान चणीचा कुत्रा सोयीचा. तो सोफ्यावर बसतो, मुलांच्या अंथरुणात शिरतो, आजीच्या मांडीवर झोपतो. इतक्या जवळ वावरणाऱ्या प्राण्याच्या तोंडाला वास येऊ लागला की घरात सगळ्यांना कळतो. मग बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो, 'कुत्रा म्हटला की वास यायचाच.'

तसे नाही. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला किंचित वास असतो, पण तोंड फिरवावे लागेल असा कुजकट वास नसतो. तो असेल तर ते आजाराचे लक्षण समजावे. मी माणसांचा डॉक्टर, कुत्र्यावर उपचार करणे हे पशुवैद्यांचे काम. तरीही हा विषय घेण्याचे कारण आहे. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्यायला येणाऱ्यांमध्ये स्वतःच्याच लाडक्या कुत्र्याच्या तोंडात बोट घालताना चावा बसलेले लोकही असतात. शिवाय माणसांसाठी आणलेली पेस्ट आणि माउथवॉश कुत्र्यावर वापरण्याचे प्रयोग होतात. त्यातले काही जिवावर बेतू शकतात.

वास कुठून येतो?

खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा पातळ, चिकट थर जमू लागतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो. यालाच आपण किटण म्हणतो. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण किटण मात्र भराभर चढते. किटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर आणखी जंतू बसतात, ते हिरडीखाली शिरतात आणि तिथे प्राणवायूशिवाय वाढतात. अन्नातील व पेशींतील प्रथिने कुजवताना हे जंतू गंधकयुक्त वायू सोडतात. सडक्या अंड्यासारखा तो वास याच वायूंचा.

मग हिरडी लाल होते, सुजते, दातापासून सुटते. आत खाच तयार होते, पू साठतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. तीन वर्षांवरील बहुसंख्य कुत्र्यांमध्ये हा आजार कमी-अधिक प्रमाणात आढळतो.

लहान कुत्र्यांनाच जास्त का?

कुत्रा मोठा असो वा छोटा, कायमचे दात ४२ असतात. ग्रेट डेनच्या जबड्यात ते ऐसपैस बसतात. तीन-चार किलोच्या पॉमेरेनियनच्या चिमुकल्या जबड्यात त्यांची दाटी होते. दोन दातांच्या फटीत अन्न अडकते. पग, शित्झू यांसारख्या आखूड तोंडाच्या जातींत दात वाकडे आणि फिरलेले असतात, त्यामुळे अडचण आणखी वाढते.

दुसरे कारण दुधाच्या दातांचे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून कायमचे दात यायला हवेत. लहान जातींत दुधाचे सुळे अनेकदा पडतच नाहीत. नवा सुळा त्याला चिकटून उगवतो आणि दोघांच्या मध्ये घाण साठते. म्हणून पिल्लू सहा महिन्यांचे झाले की एकदा दात दाखवून घ्यावेत. असे दुधाचे दात पशुवैद्य काढून टाकतात.

तिसरी गोष्ट हाडाची. लहान कुत्र्याचा खालचा जबडा बारीक असतो. हिरडीच्या आजाराने हाड पोखरले गेले तर किरकोळ धक्क्यानेही जबडा मोडू शकतो. डॅशहुंडसारख्या लांब तोंडाच्या जातींत वरच्या सुळ्याच्या आतल्या बाजूने हाड झिजून तोंड आणि नाक यांच्यामध्ये छिद्र पडते. असा कुत्रा सारखा शिंकतो, नाकातून पाणी किंवा पू येतो आणि घरचे त्याला सर्दी समजून बसतात.

दात ठीक, तरी वास?

दातांखेरीज इतर कारणे कमी आढळतात, पण ती महत्त्वाची आहेत.

अमोनियासारखा, लघवीची आठवण करून देणारा वास आला, कुत्रा खूप पाणी पितो, वजन घटते, उलट्या होतात, तर मूत्रपिंडे तपासावीत. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याची मूत्रपिंडे आणि यकृत निकामी करू शकतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. पावसाळा जवळ आला की याच्या लशीबद्दल पशुवैद्यांना विचारावे.

पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आणि सोबत मलूलपणा असेल तर मधुमेह बिघडल्याची शंका घ्यावी. हा प्रसंग तातडीचा, माणसात असतो तितकाच. एकाएकी दुर्गंधी सुरू झाली, कुत्रा पंजाने तोंड घासतो आहे, असे दिसले तर मासळीचा काटा, हाडाचा तुकडा किंवा दोरा अडकलेला असू शकतो. तोंडात गाठ, रक्त, एकाच बाजूने चावणे, डोळ्याखाली सूज या गोष्टीही थांबू देऊ नयेत. डोळ्याखालची सूज बहुधा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते.

आणि कधी कारण अगदी साधे असते. काही कुत्री विष्ठा खातात, काहींच्या ओठांच्या घडीत लाळ साठून त्वचा कुजते. तेही तपासणीत कळते.

हे करू नका

आपली टूथपेस्ट कुत्र्याला लावू नका. आपण फेस थुंकतो, कुत्रा गिळतो. त्यातले फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्ये पोटात जाण्यासाठी नसतात. काही पेस्ट, माउथवॉश आणि बऱ्याच शुगर-फ्री च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाची साखरेऐवजीची गोडी असते. आपल्याला ती सोसते. कुत्र्याच्या शरीरात मात्र तिच्यामुळे एकदम इन्सुलिन सुटते आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा जास्त असेल तर यकृतावर आघात होतो. चार किलोच्या कुत्र्याला च्युइंगगमची एक-दोन तुकड्यांइतकी मात्राही पुरते. घरात मधुमेही माणूस असेल तर 'शुगर-फ्री' वस्तू कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन हातात घेऊन दवाखाना गाठा.

लवंगेचे तेल, खाण्याचा सोडा, लिंबू, मीठ हे घरगुती उपायही नकोत. सुजलेल्या हिरडीला त्यांची आग होते आणि हिरडीखालचे किटण तसेच राहते. नखाने किंवा चिमट्याने किटण खरवडू नका. दात साफ होतील म्हणून मटणाचे शिजवलेले हाड देऊ नका. ते टोकदार तुकड्यांत फुटते, घशात किंवा आतड्यात रुतते. साधी परीक्षा अशी : जी चघळण्याची वस्तू अंगठ्याच्या नखाने जराही दबत नाही, ती दाढ फोडू शकते.

मग उपाय काय?

किटण एकदा चढले की ब्रशने निघत नाही. ते पशुवैद्यांकडून पूर्ण भूल देऊन काढावे लागते. भुलेचे नाव ऐकून घरचे कचरतात, विशेषतः कुत्रा वयस्कर असेल तर. पण आजाराचे मूळ हिरडीखाली असते आणि जागा कुत्रा तिथे हत्यार नेऊ देत नाही. भूल न देता नुसते वरून खरवडले तर दात पांढरे दिसतात, आजार आतच राहतो. भूल देण्यापूर्वी रक्त तपासतात, हृदय-फुप्फुसे पाहतात. श्वासनलिकेत नळी घातल्याने पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांसाठी अधिक दक्षता लागते, ती आधी विचारून घ्या. साफसफाईनंतर दात गुळगुळीत घासतात. शक्य तिथे एक्स-रे काढून हाड पाहतात आणि हलणारे दात काढतात. दात गेला म्हणून हळहळू नका. दुखरा दात गेल्यावर कुत्रा पूर्वीपेक्षा नीट जेवतो.

परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. माणसांच्या वैद्यकाइतकीच शिस्त असलेले हे शास्त्र आपल्या शेजारी इतकी वर्षे उभे आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा.

त्यानंतरची जबाबदारी घरच्यांची. प्राण्यांसाठीची, गिळली तरी चालणारी पेस्ट मिळते. तान्ह्या मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटात घालायचा ब्रश घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त पेस्ट चाटू द्या आणि ओठ उचलून सोडा. पुढच्या आठवड्यात समोरचे दात, मग हळूहळू दाढा. दातांची बाहेरची, गालाकडची बाजू घासली तरी पुरते. तोंड फाकवायची गरज नाही. रोज एक मिनिट द्या. किटण दोन-तीन दिवसांत बसते, त्यामुळे रविवारी एकदाच घासून फारसा उपयोग नाही. हिरड्या दुखत असतील तर आधी उपचार, मग ब्रश. दूध-पोळी, ग्लुकोज बिस्किटे यांची सवय कमी करा. दातांसाठीची चघळण्याची खास बिस्किटे मदत करतात, ब्रशची जागा घेत नाहीत.

घरच्या माणसांसाठी

आता माझ्या कामाचा भाग. कुत्र्याच्या लाळेतले जंतू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत. पण प्लीहा काढलेली व्यक्ती, केमोथेरपी घेणारे, यकृताचा आजार असलेले यांच्यात क्वचित गंभीर संसर्ग होतो. त्यांनी कुत्र्याला तोंड आणि जखमा चाटू देऊ नयेत. मधुमेहींनी पायावरच्या जखमा झाकून ठेवाव्यात.

दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदललेला आहे, तर 'घशात हाड अडकले' असे धरून तोंडात हात घालू नका. रेबीजच्या शांत प्रकारात कुत्रा पिसाळत नाही, त्याच्या जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. दिसायला ते अगदी अडकलेल्या हाडासारखेच असते. अशा कुत्र्याला न हाताळता वेगळे ठेवा आणि पशुवैद्यांना कळवा. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या अंतराने द्यायलाच हवी.

दात पाहताना चावा बसला, ओरखडा आला किंवा लाळ जखमेला लागली, तर नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी रुग्णालयात या. 'आपलाच कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे' हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण त्या आधारावर घरी थांबू नका. शासकीय रुग्णालयात लस मोफत मिळते. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असते, आणि रक्त आलेल्या जखमेत बहुधा सीरमही लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. रेबीज एकदा लक्षणे दाखवू लागला की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस वेळेवर घेतली तर तो टळतो.

कुत्रा दात दुखतो म्हणून सांगत नाही. बहुतेकदा तो जेवणही सोडत नाही, फक्त एका बाजूने चावतो. पहिली खूण वासाचीच असते. आज संध्याकाळी तो शांत असताना हलकेच त्याचा ओठ उचलून पाहा. दात तपकिरी किंवा हिरडी लाल दिसली, तर ब्रश विकत घेण्याआधी पशुवैद्यांची वेळ घ्या.