लग्नाची डीव्हीडी नव्या टीव्हीवर बघायची आहे? प्लेअर घेण्याआधी हे समजून घ्या

भिंतीवर नवा ४३ इंची स्मार्ट टीव्ही लागतो. यूट्यूब, सीरियल, क्रिकेट, सगळं मोबाईलवरून थेट मोठ्या पडद्यावर दिसतं. मग कुणीतरी कपाटातून लग्नाची डीव्हीडी काढतं आणि प्रश्न पडतो, ही लावायची कशात?

जालना शहर असो की अंबड, परतूर, भोकरदनचं एखादं गाव, लग्न-बारशाच्या सीडी-डीव्हीडी कपाटात जपून ठेवलेली घरं सगळीकडे आहेत. सोबत सिनेमांच्याही डिस्क असतात. मोझर बेअर कंपनीने एकेकाळी २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि डिस्क घराघरांत पोचल्या. आता डिस्क आहेत, पण जुना प्लेअर बंद पडलाय. मग नवा कोणता घ्यायचा?

डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के : फरक काय?

दिसायला तिन्ही डिस्क सारख्याच, पण आत मावणारी माहिती वेगळी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचं असतं. ब्लू-रेमध्ये एका थरात २५ जीबी मावतात, चित्र १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडी. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेत १०० जीबीपर्यंत जागा असते आणि चित्र ३८४० × २१६० पिक्सेलचं. व्हीसीडी या सगळ्यांच्या खाली, फक्त ३५२ × २८८.

ओटीटीवर फोर-के मिळतंच, मग डिस्क कशाला? नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएसचा वेग पुरेसा मानतं. फोर-के ब्लू-रेवरून माहिती १०० एमबीपीएसच्या पुढेही जाऊ शकते. त्यामुळे अंधारातले प्रसंग, धूर, पाऊस डिस्कवर जास्त स्वच्छ दिसतात. आवाजही भरदार असतो आणि नेटची गरजच नाही.

महागडा प्लेअर घेतला की लग्नाची डीव्हीडी एचडी दिसेल?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ब्लू-रे प्लेअर जुनं चित्र ताणून मोठ्या पडद्यावर बसवतो, याला अपस्केलिंग म्हणतात. कडा थोड्या नीट दिसतात, पण शूटिंगच्या वेळी जे टिपलंच गेलं नाही ते कुठून येणार? म्हणून आधी स्वतःच्या डिस्क मोजा. बहुतेक डीव्हीडी असतील तर एचडीएमआय असलेला साधा डीव्हीडी प्लेअर पुरे. ब्लू-रे सिनेमे विकत घेऊन बघायचे असतील तरच ब्लू-रे प्लेअर घ्या. फोर-के प्लेअरचा फायदा तर फोर-के टीव्ही असल्यावरच. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर हे पैसे वाया जातील.

घेताना काय तपासायचं?

• रीजन : ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन भाग केलेत. भारत ‘सी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये. डीव्हीडीत भारताचा क्रमांक ५, अमेरिकेचा १. भारतात निघालेल्या बऱ्याच हिंदी-मराठी डीव्हीडी कुठेही चालतात, पण अमेरिकेतून आणलेला प्लेअर किंवा डिस्क इथे अडू शकते. फोर-के डिस्कला रीजनचं बंधन नाही.

• व्होल्टेज : बाहेरून आलेला प्लेअर फक्त ११० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टवर जळेल. मागचं लेबल वाचा.

• व्हीसीडी चालते का : प्रत्येक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतोच असं नाही. प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवाल्या मॉडेलमध्ये डीव्हीडी आणि ब्लू-रे चालतात, पण ऑडिओ सीडी चालत नाही.

• वायर : जुन्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी पिन असते, नव्या प्लेअरला अनेकदा फक्त एचडीएमआय. दोन्हींची मागची बाजू बघूनच खरेदी करा.

• चाचणी : दुकानात जाताना घरची एक व्हीसीडी, एक डीव्हीडी सोबत न्या आणि लावून बघा. सेकंडहँड घेताना तर नक्कीच, कारण त्यात लेन्स झिजलेली असू शकते.

आता प्लेअर सहज का मिळत नाहीत?

कंपन्याच बाहेर पडतायत. ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे मॉडेल आणणार नसल्याचं सांगितलं. २०२४ च्या शेवटी एलजीनेही माघार घेतल्याच्या बातम्या आल्या. सोनी आणि पॅनासॉनिक अजून आहेत, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. म्हणून ऑनलाइन मागवताना भारतातली वॉरंटी आणि परत करण्याची मुदत आधी बघा.

प्लेअरच्याही आधी करायचं काम

दुकानातल्या सिनेमाची डिस्क कारखान्यात ठशाने बनते. लग्नाची डिस्क मात्र स्टुडिओत रायटरवर भाजलेली असते आणि तिच्यातली माहिती रंगाच्या पातळ थरावर असते. ऊन, उष्णता, ओल यांनी हा थर खराब होतो. मराठवाड्यातला उन्हाळा आणि पत्र्याखालची खोली तिच्यासाठी वाईटच. सिनेमा पुन्हा मिळेल, आजीचा आवाज असलेली ती एकमेव डिस्क मिळणार नाही.

त्यामुळे आधी कॉपी करा. लॅपटॉपला यूएसबी डीव्हीडी रायटर जोडा. हा रायटर थेट टीव्हीला लावून सहसा चालत नाही. डीव्हीडीतलं ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं पूर्ण फोल्डर, व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ते उघडतं. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवा. डिस्क अडखळत असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टचा प्रयोग टाळा.

हे घरच्या व्हिडिओपुरतं. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कचं कुलूप तोडून प्रती वाटणं कायद्यात बसत नाही.

कॉपी झाल्यावर तीच फाइल पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर चालवून बघा. एखादा टीव्ही ती उघडत नसेल, तर व्हीएलसीमधूनच तिचं एमपी-फोर करून घेता येतं. अनेक घरांत एवढ्यावरच काम भागेल आणि प्लेअर घ्यायची गरजही पडणार नाही.