केशनलिकेतील तेलाचा हिशेब

भिवंडी तालुक्यातील पडघ्यासारख्या महामार्गालगतच्या बाजारपेठेत फ्रिज दुरुस्त करणारा कारागीर जी तांब्याची कॅपिलरी मोजूनमापून कापतो, तिचा अंतर्व्यास बहुधा 1 मिलिमीटरच्या आतबाहेर असला, तरी तीतील प्रवाहाचे गणित भल्याभल्या अभियंत्यांस जेरीस आणते. घर्षणाने दाब उतरत जाऊन एका स्थानी प्रशीतक उकळू लागतो, आणि ते द्रव-बाष्पमिश्रण नळीच्या निर्गममुखाशी स्वतःतील ध्वनिवेगास पोहोचले, म्हणजे पुढचा दाब कितीही घटविला तरी प्रवाह वाढत नाही. त्यात काँप्रेसरमधून निसटलेले वंगणतेल मिसळते. ते श्यानता वाढवून प्रवाहास अडविते, आणि बाष्पदाब किंचित उतरवून, उत्कलन लांबवून, त्यास साहाय्यही करते. शिवाय प्रशीतकाची वाफ होते, तेलाची जवळजवळ नाही. सबब उरलेला द्रव क्रमाक्रमाने दाट होत जातो. यास्तव नळीचे सूक्ष्म खंड कल्पून प्रत्येक खंडात वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचा ताळेबंद नव्याने मांडावा लागतो. शुद्ध प्रशीतकाच्या कोष्टकांवर हवाला ठेवणे धोक्याचे.

ओझोनरक्षणासाठीच्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर फ्रिजमधील आर-12 या प्रशीतकाची जागा बव्हंशी आर-134ए ने घेतली. त्यात जुने खनिज तेल नीट विरघळत नाही, म्हणून पॉलिओल-एस्टर तेलाची तजवीज करावी लागली. वायू बदलून तेल तेच ठेवणारी दुरुस्ती ग्राहकाने मुळीच पत्करू नये.