प्रवासापुरती स्पॅनिश

ज्या घरांतून पूर्वीं काशीयात्रेची तयारी होत असे, त्याच घरांतून आज माद्रिद किंवा बार्सिलोना येथें मुलाकडे अथवा मुलीकडे जाण्याची तयारी होऊं लागली आहे. पासपोर्ट, लोकरीचे कपडे, मेतकूट, भाजणी यांची यादी होते. परंतु तेथील माणसांशीं बोलावयाचें कसें, हा प्रश्न त्या यादींत नसतो. ‘मुलगा आहे ना बरोबर!’ एवढ्यावर तो निकालांत निघतो. पण मुलगा दिवसभर कामावर असतो, आणि येथें चारचौघांत मानानें बोलणारीं वडील माणसें तेथें खिडकीपाशीं मुकीं होऊन बसतात. हें मौन वयामुळें येत नाहीं. पांचपंचवीस वाक्यें जिभेवर नसल्यामुळें येतें.

‘आधीं इंग्रजी पक्की, मग स्पॅनिश’ असा आपल्याकडे एक समज आहे. त्यामुळें घरांतील आजी व काकू आरंभींच बाजूस राहतात. वस्तुतः अनेक ठिकाणीं मराठीवरून स्पॅनिशकडे जाणारी वाट इंग्रजीवरून जाणाऱ्या वाटेपेक्षां जवळची आहे.

प्रथम उच्चार पाहूं. स्पॅनिश भाषेंतील त आणि द हे दंत्य आहेत, इंग्रजीप्रमाणें टकार-डकाराकडे झुकणारे नाहींत. क, त, प यांत हकार मिसळत नाहीं. इंग्रज विद्यार्थ्याला हें कष्टानें साधावें लागतें. आपल्याला तें आईच्या दुधाबरोबर मिळालेलें आहे. आपला ञ त्यांच्याकडे नित्य वापरांत आहे. लिहिलेला ह मात्र मुका असतो. म्हणून ‘होटेल’ हें तेथें ‘ओतेल’ होतें. ‘ग्राथिआस’ म्हणजे आभार. त्यांतील थ आपला नव्हे. जिभेचें टोंक दांतांमध्यें धरून स म्हणावा. अमेरिका खंडांतील स्पॅनिशभाषी देशांत साधा स म्हटला कीं झालें.

आतां आगगाडीच्या स्थानकाकडे निघूं. ‘दोंदे एस्ता ला एस्ताथिओन?’ म्हणजे स्थानक कोठें आहे? यांतील ‘एस्ता’ आणि ‘एस्ताथिओन’ हे दोन्ही शब्द लॅटिनमधील ज्या धातूपासून आले, तो आपल्या ‘स्था’ धातूचा सख्खा भाऊ आहे. तिकिटासाठीं म्हणावें, ‘किएरो उन बियेते पारा तोलेदो, पोर फाबोर’. म्हणजे मला तोलेदोचें एक तिकीट हवें, कृपा करून. जाऊन-येऊन हवें असल्यास ‘इदा इ बुएल्ता’ हे शब्द जोडावे. ‘आ के ओरा साले एल त्रेन?’ म्हणजे गाडी किती वाजतां सुटते? उत्तर भरभर आलें तर संकोच न करितां म्हणावें, ‘नो एंतिएंदो. मास देस्पाथिओ, पोर फाबोर’. समजलें नाहीं, जरा सावकाश. हें एक वाक्य पाठ असलें तर उरलेली भीति निम्मी होते.

‘असणें’ या अर्थाचीं त्या भाषेंत दोन क्रियापदें आहेत आणि नवशिके तेथेंच अडखळतात. ‘सोय दे पुणे’ म्हणजे मी पुण्याचा आहें. ‘एस्तोय एन माद्रिद’ म्हणजे मी माद्रिदमध्यें आहें. पहिलें कायमचें व दुसरें तात्पुरतें, असा नियम पुष्कळ ठिकाणीं सांगतात. तो पुरा पडत नाहीं. ग्रानादा येथील आलाम्ब्रा हा राजवाडा शतकानुशतकें जागचा हललेला नाहीं, तरी ‘ला आलाम्ब्रा एस्ता एन ग्रानादा’ असेंच म्हणतात. मनुष्य कोण व कोठला, हें ‘सोय’नें सांगावें; वस्तु कोठें आहे किंवा कोणत्या अवस्थेंत आहे, हें ‘एस्ता’च्या कुळानें. स्थितीला ‘स्था’, एवढें लक्षांत ठेवावें.

दमलेला पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणतो, स्त्री ‘एस्तोय कान्सादा’ म्हणते. वाट चुकल्यास पुरुषानें ‘एस्तोय पेर्दीदो’, स्त्रीनें ‘एस्तोय पेर्दीदा’ म्हणावें. ‘दमलों’ व ‘दमलें’ हा भेद जन्मापासून पाळणाऱ्यांना यांत नवल तें काय? तसेंच ‘मे गुस्ता बिआखार’ म्हणजे मला प्रवास आवडतो, आणि ‘मे गुस्तान लोस त्रेनेस’ म्हणजे मला आगगाड्या आवडतात. आवडणारी वस्तु कर्ता, आणि आपण चतुर्थींत! ही रचना जशीच्या तशी मराठी आहे. इंग्रजींतून शिकणाऱ्याला मात्र सारें वाक्य उलटें करून घ्यावें लागतें.

संस्कृत शिकलेल्यांस आणखी एक सोय आहे. ‘तू बास’ म्हणजे त्वं गच्छसि. ‘उस्तेद बा’ म्हणजे भवान् गच्छति. आदरार्थी ‘उस्तेद’बरोबर तृतीय पुरुषाचेंच क्रियापद येतें. आपण अपरिचितांस ‘उस्तेद’ म्हणावें. परंतु स्पेनमध्यें हल्लीं तरुण मंडळी सर्रास ‘तू’ वापरतात. तेव्हां दुकानांतील मुलानें आपल्याला ‘तू’ म्हटलें तर रागावूं नये.

आपल्या घरांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचीं वाक्यें जेवणाचीं. पुरुषानें ‘सोय बेखेतारिआनो’ व स्त्रीनें ‘सोय बेखेतारिआना’ म्हणावें. पण तेवढ्यावर विसंबूं नये. ‘कार्ने’ म्हणजे मांस. तथापि व्यवहारांत त्या शब्दांत मासळी येत नाहीं, आणि डुकराच्या मांसाचें ‘खामोन’देखील कित्येकांच्या मनांत वेगळें असतें. म्हणून एकेक नांव घ्यावें: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन उएबो’, म्हणजे मांस, मासळी, खामोन, अंडें यांवांचून. ‘तोर्तिया’ हा शब्दही जपून ऐकावा. मेक्सिकोंत ती मक्याची पातळ भाकरी असते; स्पेनमध्यें बटाटा घातलेलें अंड्याचें धिरडें. नांवावर भुलून पानावर बसूं नये.

कांहीं शब्द तर आपल्या घरीं पूर्वींच येऊन राहिलेले आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण. गोव्याच्या वाटेनें तिनें आपल्याला पाव, बटाटा, पगार हे शब्द दिले. स्पॅनिशमध्यें भाकरी-पावाला ‘पान’, बटाट्याला ‘पाताता’ आणि पैसे देण्याला ‘पागार’ म्हणतात. अंकही ओळखीचे: दोस, त्रेस, सिएते, नुएबे. संस्कृतांत ‘नव’ म्हणजे नऊ आणि नवीनही. त्यांच्याकडे नऊ म्हणजे ‘नुएबे’ आणि नवीन म्हणजे ‘नुएबो’.

शिक्षणाची रीत सोपी असावी. रोज दोनच वाक्यें, देवनागरींत लिहून, सायंकाळीं मोठ्यानें म्हणावीं. नातवानें तिकीटविक्या व्हावें, आजीनें तिकीट मागावें. दुसऱ्या दिवशीं भूमिका बदलावी. प्रश्नाबरोबर उत्तरांतील शब्दही शिकावे: ‘आ ला देरेचा’ उजवीकडे, ‘आ ला इथ्किएर्दा’ डावीकडे, ‘तोदो रेक्तो’ सरळ. प्रश्न विचारतां आला आणि उत्तर कळलें नाहीं, तर उपयोग काय? अधिक शिकण्याची इच्छा झाल्यास स्पेनच्या सर्व्हान्तेस संस्थेचें केंद्र नवी दिल्लींत 2009 पासून आहे.

दोन महिन्यांत शंभरावर वाक्यें होतात. तेवढ्यावर कोणी पंडित होत नाहीं. पण मुलगा कामावर गेला असतां कोपऱ्यावरील दुकानांतून दूध आणि पाव आणतां येतो, शेजारणीला ‘बुएनोस दिआस’ म्हणतां येतें, आणि वाट चुकल्यास घरीं परततां येतें. परदेशीं वडील माणसांचा मान राखावयास एवढी विद्या पुष्कळ आहे.