एका पगाराचं जोडपं

पोल्ट्रीवर कामाला जोडपं ठेवतात. पगार एक, हात चार. लोधिवलीपासून आत, पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या एका ब्रॉयलर शेडवर मी श्रावणात तीन दिवस राहिले. तिथलं जोडपं कातकरी. शेडला टेकूनच त्यांची पत्र्याची खोली; नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. शेडमधली हवाच खोलीत येते.

शेड पाच हजार चौरस फुटांचं, कोंबड्याही पाच हजार. म्हणजे एकीच्या वाट्याला फूटभर फरशी. पिल्लू येतं तेव्हा जेमतेम चाळीस ग्रॅमचं असतं, तेव्हा ही जागा ऐसपैस वाटते. चाळिसाव्या दिवसापर्यंत ते दोन किलोंच्या वर जातं, पण आवाज तेव्हाही पिल्लाचाच, चिवचिव. एकीवर मी बराच वेळ नजर ठेवून बसले. चार पावलं चालायची आणि छातीवर बसायची. छातीची पिसं झडून कातडी लाल झालेली, पायाच्या सांध्यांवर काळे चट्टे. खाली पसरलेल्या ओल्या तुसात विष्ठा कुजते, अमोनिया सुटतो, त्याने कातडी भाजते. कोकणच्या पावसात यावर इलाज अवघड. पडदे लावले तर वाफ कोंडते, उघडले तर झडीने तूस भिजतो.

जोडप्यातली मावशी रोज सकाळी दाताळ्याने तूस खालीवर करायची. ढेकूळ फुटलं की वास उसळायचा. दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांना धार लागली. "ताई, फडकं ओलं करून बांधा," ती म्हणाली. रात्री पत्र्यापलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा. डॉक्टरला दाखवलं का, विचारलं, तर म्हणाली, "बॅच निघाली की जाऊ."

दिवसाचं पहिलं काम मर, म्हणजे मेलेल्या कोंबड्या, उचलायचं. मी होते त्या तीन दिवसांत नऊ, चौदा आणि अकरा. कुणाच्या पोटात पाणी झालेलं, कुणी दाणे टिपता टिपता उताणी पडलेली. अंग इतक्या वेगाने वाढतं की हृदयाला झेपत नाही. मावशी उघड्या हातांनी उचलायची, मुलगी मागून बादली धरायची. आकडा वहीत, कोंबड्या चुना टाकून खड्ड्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरच्या पोल्ट्रीत निघाला होता. त्याला इतकी वर्षं झाली, आणि या बाईकडे हातमोज्यांची जोडी नाही, हे पाहून मला संताप आला.

शेडमालकावर खापर फोडणं सोपं आहे. पण पिल्लं, खाद्य, औषधं करार केलेल्या कंपनीची. शेड, कर्ज, वीज, मजुरी त्याची. किलोमागे दर ठरलेला. मर वाढली किंवा खाद्य जास्त गेलं की त्यातूनच कापलं जातं. दुसरा पगार द्यायला त्याच्या हातात उरतं काय?

तिसऱ्या रात्री गाडी लागली. दिवे मालवून एकच निळा बल्ब ठेवला, कारण अंधारात कोंबडी पळत नाही. माल भरणारी पोरं एकेका हातात चार-पाच कोंबड्या उलट्या धरून काट्यावर आणत होती. एका खेपेला वीस किलो, आणि अशा किती खेपा! कोपरापर्यंत ओरखडे. कॅरेटचं झाकण लागलं तेव्हा एकीचा पंख बाहेर राहिला. मी ओरडले. पोराने पाहिलंही, पण तोवर पुढचं कॅरेट वर चढलं होतं. उजाडायच्या आत मुंबई गाठायची होती.

प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने नेणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. ब्रॉयलर कोंबड्यांसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा विधि आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात दिला आहे. त्या शेडवर मला यातलं काहीच दिसलं नाही. पशुसंवर्धन आणि कामगार, दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी गाडी भरायच्या रात्री एकदा तिथे उभं राहावं. आणि कंपन्यांनी किलोचा दर ठरवताना कोंबडीला आणखी जागा धरावी, शेडवरच्या दोन माणसांचे दोन पगार धरावेत. चिकन त्याने चार पैशांनी महागलं, तर ते आपण द्यायला हवेत.