मंगूज (शब्द)

'मंगूज' हा 'मुंगूस' या प्राण्यासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द आहे. मराठीतून इंग्रजीत गेलेल्या मोजक्या शब्दांत त्याची गणना होते.

== अर्थ ==
हर्पेस्टिडी कुळातील लहान मांसाहारी सस्तन प्राण्यांना हे नाव आहे. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या करड्या मुंगसाचे शास्त्रीय नाव 'अर्वा एडवर्डसी' असे आहे. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील शेतकऱ्यांना बांधावरून झुडपांत शिरणारे मुंगूस परिचित आहे. उंदीर व साप खाणारे म्हणून ते शेतीस उपकारक मानले जाते.

== व्युत्पत्ती ==
संस्कृतात या प्राण्यास 'नकुल' म्हणतात. हिंदीतील 'नेवला' हा शब्द त्यापासूनच आला. मराठीने मात्र 'मुंगूस' हा निराळा शब्द जपला. कन्नडमधील 'मुंगिसि' व तेलुगूमधील 'मुंगिस' ही त्याची सख्खी रूपे असल्याने त्याचे मूळ द्राविडी असावे, असे बहुतेक कोशकार मानतात. पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीजांमार्फत तो युरोपात गेला असावा. फ्रेंच भाषेतील 'मांगूस्त' हे त्याचेच रूप होय. ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य जॉन फ्रायर यांच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात हा शब्द इंग्रजीत आढळतो. आफ्रिकेतील पट्टेदार मुंगसाच्या 'मुंगोस' या प्रजातिनामातही हाच शब्द आहे.

== अनेकवचन ==
या शब्दाचा शेवट इंग्रजीतील 'गूस' (हंसवर्गीय पक्षी) या शब्दासारखा लिहिला जातो. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, म्हणून विद्यार्थी 'मंगीज' असे लिहितात. ते चूक आहे. 'गूस' हा मूळ जर्मानिक शब्द असून त्यातील स्वरबदल त्या भाषाकुळाचा आहे. भारतीय भाषांतून आलेल्या 'मंगूज'ला तो लागू होत नाही. योग्य रूप 'मंगूजेस' असे आहे.

== संरक्षण ==
मुंगसाच्या केसांपासून चित्रकलेचे कुंचले बनवले जात असल्याने त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुंगसाची शिकार व त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. शाळांत व चित्रकला वर्गांत असे कुंचले न वापरता कृत्रिम तंतूंचे वापरणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.